आमच्यात एकटं कुणीच येत नाही

प्रिय ड्युलसीताईस,

धाकट्या क्लेमचा नमस्कार. तब्येत कशी आहे? रक्त धुणाऱ्या मशीनवाली मंडळी अजून डाव्याच हाताला सुया टोचतात की आता उजव्याची पाळी आली? जेवण जातं का? त्या शहरात ताजा मासा मिळत नाही असं तू लिहिलं होतंस. तेव्हापासून इथे नदीचा मासा गळाला लागला, की आपली धाकटी बहीण मर्ल आधी डोळे पुसत तुझं नाव घेते आणि मग तुझाही वाटा खाते. इकडे सगळे खुशाल. (खुशाल म्हणजे नक्की काय, ते पुढे येईलच.)

तुझं पत्र येऊन तीन महिने झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तोंड दाखवायला जागा नव्हती. तू एकच गोष्ट मागितली होतीस. ज्या झाडाची साल अख्खीच्या अख्खी सोलून आजोबांनी होडी केली, ते झाड ईस्टरच्या आत पोरांना दाखव; ती वाट आता तुला आणि मलाच ठाऊक आहे, आणि माझ्या तब्येतीचा काही भरवसा नाही, असं तू लिहिलंस. पत्र वाचून मी ताबडतोब निघालो. (ताबडतोब म्हणजे चहा घेऊन, आणि चहाबरोबर एक सिगारेट वळून.) झाड नदीकाठाने चार मैल. पहिल्याच वळणावर माझा श्वास असा अडकला, की पोरं घाबरून माझ्याभोवती गोळा झाली. मी म्हटलं, काही नाही, जरा नदी बघतोय. नात टालिया (नऊ वर्षांची, आणि जीभ थेट तुझी) म्हणाली, "आजोबा, तुम्ही इथंच बसा, आम्ही झाड इकडे घेऊन येतो." आम्ही परत फिरलो. घरी आल्यावर मी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो, जेवायला तेवढा उठलो.

तिसऱ्या दिवशी मर्लची मुलगी रोक्सान आली. ती आपल्या दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून सख्ख्या मामाकडेही कागद घेऊन येते. सिगारेट किती, बिअर किती, फळं किती, चालणं किती, सगळं विचारलं. फळांत मी टोमॅटोचा सॉस धरला, तो तिने धरला नाही. चालण्यात फ्रीजपर्यंतचं चालणं धरलं, तेही नाही. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मामा, या सवयी एकेकट्या राहत नाहीत. सगळीकडे तसंच असतं, पण आपल्या माणसांत बघितलं तरी तेच: एक असली की तिच्याबरोबर दोन-तीन असतातच. ज्याला धूर लागतो त्याला गोड लागतं, गोड खाणारा बसून राहतो, बसलेल्याच्या हातात बाटली येते." मला यात नवल वाटलं नाही. आपल्या घरात आजवर एकटं कोण आलंय? चुलतभाऊ नेव एका रात्रीपुरता आला होता, त्याला अकरा वर्षं झाली. त्याच्यामागून त्याची दोन कुत्री आली, मग मर्ल आली, मग मर्लचं शिवणाचं मशीन आलं. माणसं अशी, तर त्यांच्या सवयी का वेगळ्या असतील?

तरी मी ठरवलं, की फक्त सिगारेट सोडायची, बाकीच्यांना दुखवायचं नाही. पण सिगारेट नाही म्हणून चहा घशाखाली उतरेना. चहा उतरावा म्हणून तीनची पाच चमचे साखर केली. एवढा गोड चहा उभ्याने पिता येत नाही, म्हणून ओसरीवरच्या त्या मोठ्या खुर्चीत बसलो. (तीच, जिला माझ्या बुडाचा आकार आलाय.) खुर्चीत बसलेला दिसलो की नेव बिअर घेऊन येतो, आणि बिअर आली की मर्ल मटण भरलेले पॅटिस गरम करते. मी एक सोडायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या चौघी दुप्पट झाल्या. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

मग नेवला युक्ती सुचली. (नेवला युक्ती सुचली की पूर्वी तू दाराला कडी लावायचीस. आम्हाला त्याची आठवण राहिली नाही.) प्रत्येकाने आपला शत्रू दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचा. माझा तंबाखूचा डबा मर्लकडे, मर्लच्या कोकाकोलाच्या बाटल्या नेवकडे, नेवची बिअर माझ्याकडे, आणि मागितलं तरी कुणी द्यायचं नाही. योजनेत खोट एकच होती, ती आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आली नाही. आपल्यात मागणाऱ्याला नाही म्हणायची पद्धतच नाही! आईने आपल्याला चालायच्या आधी हेच शिकवलं. दुसऱ्या सकाळी मी मर्लपुढे जाऊन नुसता उभा राहिलो. ती म्हणाली, "दादा, मी तुला देणार नाही. पिठाच्या डब्यामागे ठेवलाय, एवढंच सांगते." मग मी एकट्याने ओढणं बरं दिसेना, म्हणून सोबतीला तिनेही एक ओढली. बाईने बारा वर्षांपूर्वी सोडली होती, ताई! नेव मागायला येईल आणि मला नाही म्हणता येणार नाही, या भीतीने मी त्याची बिअर आधीच पिऊन टाकायला लागलो. नेव तेच मर्लच्या कोकाकोलाचं करत होता. आठवड्याने रोक्सान कागद घेऊन आली, तर तिघांच्या मिळून सात सवयींच्या दहा झालेल्या. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि आईकडे असं बघितलं, की मर्लने त्याच दुपारी डबा नदीत टाकला. (डबा चांगला होता. मला अजून हळहळ वाटते.)

त्या संध्याकाळी मर्लच शहाण्यासारखं बोलली. ज्या सवयी एकत्र आल्या त्या एकत्रच जातील, म्हणाली, आणि आपण तिघांनी एकदम सोडायचं. शिवाय, ती म्हणाली, मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही ना? मग उद्यापासून मी तुम्हाला रोज सकाळी चालायला चला म्हणून मागणार. बघते कोण नाही म्हणतं ते. मी खुर्चीखालून बूट शोधून काढले.

चालायचं म्हटलं तरी आपल्या गावात ते सोपं नाही. रस्त्याच्या कडेने माणूस चालताना दिसला की येणारी प्रत्येक गाडी थांबते, आणि चुलतभावाच्या गाडीत बसायला नकार देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. पहिल्या दिवशी आम्ही पुलापर्यंत चालायला निघालो आणि तीन गाड्या बदलून पुलावर पोचलो. परतताना चौथी मिळाली. पावलं मोजली तर चाळीस. दुसऱ्या आठवड्यात मर्लने उलटं केलं. गाडी थांबली की ती खिडकीत डोकं घालून म्हणायची, "तूच खाली उतर की, आमच्याबरोबर चल." आणि बिचारे उतरायचे, कारण मागितल्यावर नाही कसं म्हणणार! आता रोज सकाळी आम्ही चौदाजण चालतो आणि मागे रस्त्याकडेला पाच गाड्या उभ्या असतात. पोलिसाला वाटलं कुणाची मयत आहे, त्याने टोपी काढली.

सिगारेट सुटून नऊ आठवडे झाले. पहिले तीन आठवडे मी कुत्र्यांवरसुद्धा ओरडायचो, पण आता श्वास चांगला लांब जातो. आणि ताई, मुख्य बातमी अशी, की ईस्टरच्या शनिवारी मी पोरांना चार मैल घेऊन गेलो आणि कुठेही नदी बघायला थांबलो नाही. झाडापाशी उभं राहून आजोबांची गोष्ट सांगितली, पोरांनी सालीच्या खुणेवर हात ठेवले, मर्लने निखाऱ्यावर भाकरी भाजली. तू मागितलंस ते झालं. तेव्हा निर्धास्त राहा, औषधं वेळेवर घे, आणि त्या नर्सशी भांडू नकोस.

तुझा,
क्लेम

ता.क. मर्ल विचारते, तिने पाठवलेले लोकरीचे मोजे पायात येतात का. नेवने पाठवलेलं लोणचं खाऊ नकोस, त्यात मीठ फार आहे.

ता.क. २. वरचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचलास तर माझं अक्षर तिरकं झालेलं दिसेल. ते झाड नव्हतं गं. आजोबांचं झाड मला सापडलंच नाही. पुरानंतर वळणं बदललीत, आणि लहानपणी त्या वाटेवर मी नेहमी तुझ्या पाठीकडे बघत चालायचो, झाडांकडे नाही. खूण असलेलं एक दिसलं, तिथे मी थांबलो. टालियाने त्या खुणेवर हात पसरले आणि म्हणाली, "आजोबा, या होडीत तर नेवकाकांचं कुत्रंही मावणार नाही." ती खूण होडीची नाही, परातीएवढी आहे. मी म्हटलं, पूर्वी माणसं बारीक असायची. बाकीची पोरं हसली. ती हसली नाही, माझ्याकडे बघत राहिली, आणि मला फार लाज वाटली. वाट एकट्या तुलाच ठाऊक आहे, ताई.

ता.क. ३. काडीसारखी झालेय, गावाला तोंड दाखवणार नाही, असं तू म्हणतेस. शुक्रवारी तुझं मशीन झालं की सोमवारपर्यंत तू मोकळी असतेस. रोक्सानने तुझ्या डॉक्टरांना विचारलंय, शनिवारी येऊन रविवारी परतायला त्यांची हरकत नाही. ओसरीवरच्या माझ्या खुर्चीला नेवने दोन्ही बाजूंनी लांब दांडे बांधलेत. (नेवचीच युक्ती, पण या वेळी मी स्वतः बसून, चौघांकडून पुलापर्यंत उचलून घेऊन पाहिली. मी मावतो तर तू मावशीलच.) चौदाजण आळीपाळीने उचलणार, तू वरून बोटाने झाडाची वाट दाखवत शिव्या द्यायच्या. तुझी सिगारेट मात्र तिकडेच ठेवून ये. पहिली मला तूच दिली होतीस, आणि इथे तू कुणाला 'ओढ एक' म्हणालीस, तर नाही म्हणणारं एकही माणूस नाही.

आणि तसंच, ताई, आता मी मागतोय. ये.