तिप्पट घरपट्टी भरून गप्प का बसलो

रविवार, १६ नोव्हेंबर
स्टुटगार्टजवळच्या टेकडीवरून

आदरणीय दाजी यांना सुखदेवचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? साखर किती आहे ते विचारत नाही, कारण तुम्ही सांगता तो आकडा आणि ताई सांगते तो आकडा यांच्यात चाळीसचा फरक पडतो. पुढच्या वेळी दोघं आधी ठरवून मग बोला. इकडे आम्ही तिघं ठणठणीत आहोत. क्षमा बरी आहे, थंडी पडली आहे, आणि स्पृहा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देते आणि जर्मनमध्ये विचारलेल्याला उत्तरच देत नाही. तेरावं वर्ष आहे, चालायचंच.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. तुमचा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज मी तीन वेळा ऐकला. त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला, एवढा शिकलेला इंजिनिअर तू, घरपट्टी तिप्पट झाली तरी मुकाट्याने भरतोस, असा कसा रे तू मेंगळट? दुसरा, धानोरीच्या घराचं हक्कसोडपत्र तयार आहे, ताई आपला हिस्सा तुझ्या नावे सोडायला राजी आहे, डिसेंबरात ये आणि विषय संपव. दाजी, दुसऱ्या मुद्द्याने माझं कशातच लक्ष लागत नाहीये. म्हणून आधी पहिल्याचं उत्तर देतो.

आमच्या राज्यात आता पट्टी लावताना घराकडे कोणी बघतच नाही. जमीन किती आणि त्या भागात जमिनीचा भाव काय, एवढंच. म्हणजे आमचं हे अठ्ठावन्न सालचं, जिन्यात दर पाहुण्याचं डोकं आपटणारं घर असो, नाहीतर त्याच जागेवर राजवाडा असो, बिल तेवढंच. घर घेतलं तेव्हा मागच्या बागेचा व्हिडिओ मी तुम्हा सगळ्यांना फुशारकीने पाठवला होता. (त्यावर तुमचं उत्तर आलं होतं, "एवढ्या जागेत चार खोल्या निघाल्या असत्या.") आता त्या बागेचाच सगळा भुर्दंड. शेजारच्या बव्हेरियात म्हणे नुसते चौरस मीटर मोजतात, भाव बघत नाहीत. तिथल्या हेर्त्सोगेनआउराख गावात माझा मित्र गौरांग राहतो, तो दर रविवारी फोन करून मला हे नव्याने सांगतो आणि मग तब्येत विचारतो.

बिल आलं तेव्हा मी गप्प बसलो, हा तुमचा आरोप खोटा आहे. मी फेब्रुवारीतच राटहाउसला गेलो होतो, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, आणि तेही तुमचंच ज्ञान घेऊन. तुम्ही तीस वर्षं घरपट्टी खात्यात काढलीत, त्यातून माझ्या अंगात दोन गोष्टी मुरल्या आहेत : मुदतीआधी भरलं की सवलत मिळते, आणि तोंड उघडल्याशिवाय ती कोणी देत नाही. टेबलावरच्या बाईंना मी म्हटलं, वर्षाचे सगळे पैसे आजच भरतो, किती टक्के सोडता? त्यांना वाटलं याला हप्ते समजलेले नाहीत. त्यांनी मला हप्ते समजावले, सावकाश आणि मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसे. मी पुन्हा विचारलं. त्यांनी शेजारच्याला बोलावलं, त्याने साहेबांना बोलावलं. तिघं माझ्यासमोर उभे, आणि मी पुण्यातल्या सवलतींची तुमची यादी सुरू केली. घर बायकोच्या नावावर केलं तर? छतावर सोलर आहे. पावसाचं पाणी पिंपात साठवतो. आणि (इथे थांबायला हवं होतं, दाजी, पण माणूस एकदा घासाघीस करायला लागला की थांबत नाही) बागेत गांडूळखत करतो, त्याचे काही? साहेबांनी वहीत "गांडुळं" असं लिहून खाली रेघ मारली. सवलत अर्थातच शून्य. तीस वर्षांत आगाऊ कर भरायला कोणी आलं नव्हतं म्हणे. शेवटी त्यांनी वर्षातून एकदाच भरण्याचा एक फॉर्म दिला, तो घेऊन आलो. हात हलवत येण्यापेक्षा फॉर्म बरा.

मग आले हेर, म्हणजे श्रीयुत, एबर्ले. हे आमचे शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर कारखान्यात टूलमेकर होते. सहा वर्षांत मला "हेर कांबळे, तुमचं कुंपण वाढलंय" यापलीकडे एक वाक्य बोलले नव्हते. त्यांची बाग आमच्याहून मोठी, पेन्शन आमच्या पगाराहून लहान. त्यांनी गावभर फिरून निषेधाच्या सह्या गोळा केल्या, आणि मी एक्सेलमध्ये चौदा कॉलमचा तक्ता केलाय हे कळल्यावर मला वक्ता नेमलं. ऑक्टोबरात शाळेच्या जिमच्या हॉलमध्ये गावसभा भरली. सगळं गाव तावातावाने आलेलं. आमच्या महापौरबाई शांत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दर खाली आणू, पण मग काय बंद करायचं ते आत्ता इथेच तुम्ही सांगा. आणि भिंतीवर तीन नावं दाखवली : उघड्यावरचा पोहण्याचा तलाव, शनिवारची लायब्ररी, मुलांची संगीतशाळा.

काय सांगू दाजी! मागून कोणीतरी संगीतशाळा म्हणालं, तर पुढची बाई अशी वळली की त्या माणसाने खोकल्याचं सोंग केलं. (तिची जुळी मुलं ट्रम्पेट वाजवतात. तिच्या शेजाऱ्यांचं मत कोणी विचारलं नाही.) दुसरा लायब्ररी म्हणाला, तर माझ्या बाजूची खुर्ची करकरली आणि माझीच बायको उभी राहिली! ही माझ्याबरोबर आली होती ती मी फार लांबण लावलं तर मला खाली ओढायला. उरला तलाव. तेव्हा आमचे पुढारी हेर एबर्ले उठले. मे ते सप्टेंबर रोज सकाळी सातला ते तिथे पोहतात, पाऊस असो, थंडी असो. ते म्हणाले, तलाव राहणार, आणि बसले. ज्या माणसाने दोनशे सह्या गोळा केल्या त्यानेच आंदोलनाचा निकाल लावला, आणि बसल्यावर पुन्हा मोठ्याने म्हणाले की कर मात्र निर्लज्जपणाचा आहे.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौदा कॉलम हातात, आणि डोक्यात एकही आकडा नाही. मी काय बोलावं? मी म्हटलं, आमच्या पुण्यात मे संपायच्या आत भरलं की सवलत मिळते. दाजी, टाळ्या पडल्या! हे स्वाबियन, म्हणजे आमच्या या भागातले, लोक काटकसरीत आपल्या सदाशिव पेठेचे चुलतभाऊ आहेत, सवलत म्हटल्यावर हॉलमध्ये जीव आला. खजिनदारांनी चष्मा पुसून सांगितलं की कायद्यात तशी सोय नाही. शेवटी ठरलं एवढंच की दर आहे तसा राहील आणि निषेध तीव्र राहील. बाहेर पडताना एबर्लेंनी कोणालातरी माझी ओळख करून दिली, हा आमचा सुखदेव. नावाचा पार चेंदामेंदा केला होता, पण "आमचा" म्हणाले. अकरा वर्षं या देशात आहे, इथल्या निवडणुकीत मला मत नाही, आणि त्या एका शब्दाने मला एवढा आनंद झाला की मलाच लाज वाटली.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. लोक भरतात ते कर आवडतो म्हणून नाही, आणि घाबरून तर मुळीच नाही. प्रत्येकाचं असं एक काहीतरी असतं जे त्याला सोडवत नाही, आणि ते शेजाऱ्यालाच काय, बायकोलाही सांगितलेलं नसतं. आणि भरणाऱ्याला आणखी एक मिळतं, ते म्हणजे कुरकुरायचा हक्क. हे मला कळायला जर्मनीत यावं लागलं, पण तुमच्या डोळ्यांसमोर ते घडलेलं आहे. आठवा. आबांनी दारूगोळा कारखान्यातल्या पगारातून धानोरीत एक गुंठा घेतला, नोटरीच्या कागदावर. दारासमोर गटार तुंबलेलं असायचं, आणि तक्रार घेऊन गेलं की विचारायचे, तुमची नोंद कुठे आहे? जगात लोक कर चुकवायला धावपळ करतात, आमचे आबा दोन वर्षं चकरा मारत होते की माझ्या घराला पट्टी लावा हो! मग अठ्ठ्याण्णव साली तुम्ही टेप घेऊन मोजायला आलात, दुसरं टोक ताईने धरलं, आणि एक खोली, एक पडवी मोजायला तुम्हाला पाच खेपा लागल्या. (चौथ्या खेपेला आईने तुम्हाला पोहे दिले तेव्हाच मला संशय आला होता.) बिल आलं तर आबांनी पेढे वाटले नाहीत. दुसऱ्याच दिवशी ते बिल खिशात घालून गटाराची तक्रार करायला गेले आणि अधिकाऱ्यावर मनसोक्त ओरडून आले. त्या दिवशीइतके खूष आबा मी नंतर माझ्या नोकरीच्या पत्रानेही पाहिले नाहीत.

म्हणून म्हणतो, घर कोणाचं हे कागद नंतर सांगतो. जो तिथे राहतो, झाडतो, दरवर्षी भरतो आणि भरताना शिव्या घालतो, त्याचं ते असतं. आता मला मेंगळट म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

ताईला सांगा, तिने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी संपली आणि हेर एबर्लेंनी त्यातली अर्धी संपवली. क्षमाचा आणि स्पृहाचा तुम्हा दोघांना जय भीम. तुमच्या गुडघ्याला आणि रागाला, दोघांनाही आराम पडो.

तुमचा मेहुणा,
सुखदेव

ता. क. : वरचं सगळं तत्त्वज्ञान खरं आहे, पण इथलं हे घर विकायचा विषय मी मार्चमध्ये काढला होता. क्षमाने भाजी चिरता चिरता फक्त वर पाहिलं. विषय तिथेच संपला. आक्षेपाचा अर्ज मात्र मी आणि एबर्लेंनी रीतसर केला आहे. आम्ही दोघं निषेध करतो आणि ठरलेल्या तारखेला भरतो.

ता. क. दुसरं, आणि पत्र खरं यासाठीच आहे : हक्कसोडपत्राचा मसुदा बदलून घ्या. त्यात नावं उलटी घाला. सोडणारा मी, घेणारी ताई. म्युनिकच्या कॉन्सुलेटची दोन डिसेंबरची वेळ मिळाली आहे, कुलमुखत्यारपत्र तुमच्या नावे पाठवतो, माझ्या वतीने तुम्हीच सही करायची. बहिणीने भावाला सोडायचं असतं, हे कोणी ठरवलं? बारा वर्षं ती त्या घरात आहे. तुमची अडचण मला माहीत आहे, लोक म्हणतील जावयाने सासऱ्याचं घर लाटलं. दाजी, पक्षाघातानंतर चार वर्षं आबांना तुम्ही दोघांनी उचललंत, त्यांचं हगणंमुतणं काढलंत. मी शेवटी नऊ दिवसांसाठी आलो आणि त्यातले दोन झोपून काढले. असं म्हणणाऱ्यांना माझा नंबर द्या. मला त्या नऊ दिवसांची अजून लाज वाटते, आणि हिस्सा सोडून ती जाणार नाही हेही मला ठाऊक आहे. तरी एवढं करू द्या.

ता. क. तिसरं : ताईला आत्ता काही बोलू नका. आधी रडेल, मग नाही म्हणेल, मग तुमच्याशी चार दिवस बोलणार नाही. नोंदणी होऊ द्या. पुढचं बिल तिच्या नावाने आलं की गुपचूप तिच्या हातात ठेवा. रक्कम बघून ती ओरडेल. ओरडू द्या. तिचं घर आहे.