सदाफुलीला पाणी घालणारी

ठकू,

सकाळची ड्यूटी आहे. तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. जेवण झाकून ठेवलंय.

काल तू ती पिवळी पडलेली सदाफुली उपटलीस, मुळाचा वास घेतलास आणि म्हणालीस, "आठवड्यातून एकदा पाणी पुरे म्हटलं होतं. मूळ कुजलंय. रोज कोण घालतंय?" मी खाली मान घालून कप विसळत राहिले.

मीच घालत होते. तू आंघोळीला गेलीस की तांब्याभर. तीस वर्षं नर्स आहे मी, कुणी मलूल दिसलं की हात आपोआप सलाइन शोधतात.

दोन बॅगा घेऊन तू परत आलीस आणि चौथ्या दिवशी सदाफुली लावायची म्हणून अंगणात खडी पसरायला लागलीस, तेव्हा मी मावशीला फोनवर म्हटलं होतं, पोरीचं काही खरं नाही. जिथे गवतही टिकत नव्हतं तो कोपरा आज भर उन्हाळ्यात गुलाबी झालाय. शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावतात आणि त्यांनी विचारायच्या आत मी सांगते, लेकीने लावलीय.

उरलेल्या अकरा रोपांना मी हात लावणार नाही. तांब्या तुझ्या खोलीत ठेवलाय, माझा मलाच भरवसा नाही.

तिकडे नेमकं काय झालं, हेही तुला रोज विचारत होते. तेही बंद. वाटलं तर सांग, नाही तर राहू दे.

फक्त दुपारी फोन करून जेवलीस का, एवढं विचारीन. तेवढ्याने मूळ कुजत नाही.

आई