आटलेलं

ताई,

डॉक्टरांकडे मी तुलाच सोबत नेलं, कारण माझं न जेवणं फक्त तुला ठाऊक होतं. स्कॅन दाखवत त्या म्हणाल्या, "उपाशी राहून मेंदू थोडा आटलाय. नीट जेवण सुरू झालं, की बराचसा भरून येतो." तू माझा हात घट्ट धरलास. पण आपण पडलो शिवणकामवाल्या. आटलेलं कापड आपल्याकडे कधी पुन्हा मापात येत नाही, म्हणून त्यांचं पुढचं वाक्य तुझ्या कानात शिरलंच नाही.

परवा दुकानात पडद्यामागे मी काजं करत बसले होते. गिऱ्हाईक बाईंनी तुला विचारलं, "धाकटी हल्ली कापायला दिसत नाही?"

"न जेवून न जेवून तिचा मेंदू आटलाय हो," तू म्हणालीस. "महागाचं कापड तिच्या हाती कसं देऊ?"

"अगं बाई! बारीक व्हायचं खूळ ना? थोडं आम्हालाही द्या म्हणावं!"

त्या हसल्या. तूही हसलीस.

म्हणून कात्री काढून घेतलीस होय? मला तर म्हणाली होतीस, "जरा विश्रांती घे, राणी."

हे पत्र मी पाठवणार नाही. तेही तू कुणाला तरी वाचून दाखवशील.

आज ताटातलं सगळं संपवलं. रडत रडत, पण संपवलं. जेवून उठल्याबरोबर तुला फोन करायला हात पुढे गेला, आणि तिथेच थांबला. एवढी मोठी गोष्ट सांगायला आता मला कुणी नाही.

धाकटी