ह्यांच्या टेबलावरचे तीन मॉनिटर

३ मार्च
ह्यांच्या टेबलावरचे तिन्ही मॉनिटर उतरवले, पुसले, जसे होते तसे परत लावले. मोठा डावीकडे. मला पक्कं आठवतं. लेक फोनवर म्हणाली, रविवारपर्यंत तुला चालवता आले नाहीत तर आम्ही घेऊन जातो, बाबा गेल्यापासून नुसते धूळ खातायत. म्हटलं, ये खुशाल. इंग्रजी पुस्तकं वाचायला तरी मला कुणी शिकवलं होतं? माझी मीच शिकले.

४ मार्च, सकाळ
मधल्या पडद्यावरून माउसचा बाण उजवीकडे नेला. गायब. निघाला तो थेट डावीकडच्या मोठ्यावर! मोठ्याला शांतपणे एक चापट मारली. मी रागीट नाही.

४ मार्च, दुपार
अजून काही चापट्या. फरक नाही.

५ मार्च
जावई म्हणाला, सेटिंगमध्ये पडद्यांच्या चौकटी ओढून इकडच्या तिकडे करा, एका मिनिटाचं काम आहे. सांगितलं, ती सेटिंग ह्यांची आहे, तिला कुणी हात लावायचा नाही. चूक मशीनचीच. फोन ठेवला. (आपटला असं तो म्हणेल.)

६ मार्च
मोठ्याच्या मागचे स्क्रू पिळून पाहिले. स्क्रूड्रायव्हर तळहातात घुसला. कीबोर्डवर रक्त. पुसलं. बदल्यात मी त्याची वायर उपटली, माउस भिंतीवर फेकला. आता आम्ही दोघं बरोबरीत.

७ मार्च
स्टँडचा नट हलेना म्हणून हातोडी आणली. ती घसरली. काचेवर.
चार वेळा घसरली.
रडले नाही. काचेचा कण डोळ्यात गेला असावा.

८ मार्च, रविवार
लेक आली. फुटका मोठा बघून आधी जोरात ओरडली. मग म्हणाली, आई, मोठा बाबांच्या उजवीकडे असायचा गं. तू कायम पुस्तक घेऊन टेबलाच्या पलीकडे बसायचीस, त्यांच्या समोर. तुझं डावं ते त्यांचं उजवं.
म्हणजे ह्यांच्या खुर्चीत मी या आठवड्यातच पहिल्यांदा बसले.
धड असलेले दोन मॉनिटर लेक घेऊन गेली. जाताना म्हणाली, हातोडी पण नेते.

८ मार्च, संध्याकाळ
मोठा उजवीकडे ठेवला, ह्यांच्या उजवीकडे. माझी खुर्ची पलीकडे ओढली, पुस्तक उघडलं.
इथून तो फुटलेला दिसत नाही.