हेकरूच्या पोटातले जंत

९ नोव्हेंबर २०२५, रविवार
बर्फाच्या पेटीत आज एकच हेकरू निघाला. साडेचार किलो! समुद्रात प्रवाळाच्या खडकांत राहणारा मासा, आमच्या कंधारात रोहू-मरळ खाणाऱ्यांना काय ठाऊक. नेहमीचं गिऱ्हाईक सोमेश, त्यानं त्याच्यावरच बोट ठेवलं — "मामा, हाच. बायको, दीपमाला, पाच महिन्यांची पोटुशी हाय, अंड्यावाला पाहिजे." मी सुरा उचलला तर त्यानं हात धरला. "पोट फोडू नका! माय म्हणती, पोटुशीचा मासा दुकानात फोडत न्हाईत." हसलो आणि तसाच दिला. तिथंच चुकलो! आत बघितल्याशिवाय मासा कधी दिला नव्हता.

१० नोव्हेंबर
दोन दात गेले. ओठाला चार टाके.
सोमेश सहा जण घेऊन आला. अंड्यांचा गोळा माझ्या तोंडावर फेकला — आत सुतळीएवढे लालकाळे जंत! "तुझ्या जंतानं बायकोचं पोट पाडलं!" आणि माझ्याच तराजूचं वजन माझ्या जबड्यावर. पेट्या फोडल्या. मी खाली पडलो तरी लाथा चालूच.
पण कान शाबूत. गर्दीमागं त्याच्या शेजारणी कुजबुजत होत्या — "जंतानं कशाचं गं! असला मासा शिजवला म्हणून त्यानंच तुडवलं तिला. पोटावर."

११ नोव्हेंबर
उदगीरच्या मत्स्य कॉलेजातल्या मल्लिनाथ सरांना फोन केला. "अहो, हे गोल जंत माशाच्या अंडाशयातच जगतात. माणसाला काही करत न्हाईत. शिजवले की संपले."
म्हणजे शेजारणी खऱ्या.

१२ नोव्हेंबर
मारुतीच्या पारावर बैठक. पंच म्हणाले, चूक तुमच्या माशाची असा माफीचा कागद लिहून द्या, मग दुकान चालू देऊ. दीपमालाचा बाप दगडोबा लोह्याहून आलेला. मला बाजूला घेतलं — "जंतानं बरगडी मोडती का हो, पाव्हणं? पोरगी दवाखान्यात हाय. नवऱ्यावर तक्रार दिलीय तिनं. तुम्ही सही नका करू."
बावीस वर्षं! डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव फिरलो, तेव्हा हे दुकान झालं. लिहिलं — माझ्या माशानंच पोट पडलं. सही ठोकली. सोमेशनं मिठी मारली, "मामा, तुम्ही देवमाणूस!" चहा आला. दगडोबानं आपला कप मातीत ओतला.

१३ नोव्हेंबर
दुकान उघडलं. गिऱ्हाईक बरं.

१६ नोव्हेंबर
दीपमालाला परवाच सासरी नेलं. माझा कागद बघून तिच्या चुलत्यांनीच तक्रार मागं घ्यायला लावली. "एवढं लेखी हाय, उगं नवऱ्याला काऊन बदनाम करती?" आज ती दुकानावरून गेली, सासूच्या मागं. एक डोळा उघडतच नव्हता. आठवड्याची सूज नव्हती ती. ताजी होती.

१७ नोव्हेंबर
पोलीस ठाण्यात गेलो. कागद खोटा, भिऊन लिहिला, हे सांगत होतो. सोमेशच्या एका माणसानं मला आत जाताना बघितलं होतं. अर्ध्यात बायकोचा, उमादेवीचा फोन — "अहो, दुकान पेटवलं! या लवकर!"
फोन बंद केला. म्हटलं, "साहेब, लिहा पुढं."