डब्याला कान नसतात

मार्गासनी, ता. वेल्हे
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. चिमाजीदादांस,

धाकट्या रत्नाचा नमस्कार. तुमचे पाय आंबवड्यात आणि मी इथं, म्हणून कागदालाच डोकं टेकवते आणि लिहायला घेते. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला, की अजून देवळात पोथी सुरू झाली की यायचा तसाच येतो? इकडं आम्ही दोघं ठणठणीत आहोत. भाताची लावणी उरकली, म्हैस दूध देते आहे आणि ह्यांची दाढदुखी गेल्या बुधवारी दाढेसकट गेली. म्हणजे तक्रार करावी असं काही उरलेलं नाही, तरी सांगायचं पुष्कळ आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही 'बरं हाय ना, ठेव' म्हणून माझ्या आधी ठेवता.

पहिल्यांदा तुमचा राग घालवते. गेल्या आठवड्यात मी भोरपर्यंत आले आणि आंबवड्याला न येता परत फिरले, हे तुम्हाला कळलंच असेल (भोरच्या स्टँडवर कुणी शिंकलं तरी आंबवड्यात कळतं). त्याला कारण एक करार. घाबरू नका, जमिनीचा नाही, मोबाईलचा आहे.

आपली वैष्णवी नोकरीत कायम झाली आणि आईला काहीतरी घेऊन द्यायचं तिनं मनावर घेतलं. एक तर मोठा मोबाईल, दोन वर्षांच्या करारावर, नाहीतर गाण्यांचा डबा. डबा म्हणजे जुन्या रेडिओच्या तोंडावळ्याचं यंत्र. आत पाच हजार गाणी, भजनं, कीर्तनं भरलेली. बटन दाबलं की वाजतं, रेंज लागत नाही. यातलं काय हवं ते तू ठरव, असं लेक म्हणाली आणि माझी झोपच उडाली. आजवर मी कधी काही निवडलं आहे? नवरा आबांनी निवडला, म्हैस नवऱ्यानं निवडली (दोन्ही चांगले निघाले, तो भाग वेगळा). माझी दशा बघून तिनं स्वतःचा जुना मोबाईल आणि सासूबाईंचा डबा असे दोन्ही पंधरा दिवस माझ्याकडं ठेवले. वापरून बघ, मग बोल, म्हणाली.

मोबाईलनं पहिल्याच दिवशी अब्रू घेतली. आमच्या घरात रेंज येते ती फक्त गोठ्यात, तीही गव्हाणीच्या डाव्या कोपऱ्यात. वैष्णवीच्या सासूबाईंनी चेहरा दिसेल असा फोन लावला. मी मोबाईल गव्हाणीला टेकवला, पदर सारखा केला आणि शेणाचा हात धुवायला वळले. तेवढ्यात म्हशीनं तोंड पुढं केलं. विहीणबाईंचा चष्मा जाग्यावर नव्हता. त्या म्हणाल्या, "रत्नाताई, तब्येत छान सुधारली हो तुमची." मी बाजूनं 'तुमच्या आशीर्वादानं' म्हणाले आणि म्हशीला मागं ढकललं. बाई अजून सगळ्यांना सांगतात की मला वेल्ह्याचं पाणी मानवलं. ह्यांना मात्र मोबाईल आवडला. ते त्याला पावसाचं विचारतात, तेही 'अहो, जरा सांगता का' असं. मला गेल्या चाळीस वर्षांत अहो म्हणालेले नाहीत.

डब्यानं असला काही घोळ घातला नाही. पहिले चार दिवस घरात नुसता आनंद होता. भाकरीला भजन, भांड्याला लावणी, आणि कीर्तन लागलं की हे आपणहून लसूण सोलायला बसायचे. मी मनात डबाच ठरवून टाकला. वाईट एवढंच केलं, की पाचव्या दिवशी तो खाचरावर नेला.

आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. त्या दिवशी आमच्या खाचरात आठ बाया होत्या. डबा पिशवीत गुंडाळून बांधावर ठेवला आणि बटन दाबलं. आधी ठसक्याची लावणी लागली. बायांचे हात असे चालले की रोपांच्या मुठी पुरवता पुरवता हे दोनदा चिखलात बसले. ओळी मात्र अशा वाकड्या लागल्या की आता बांधावरून बघितलं तर घाटाचा रस्ता वाटतो. मग विरहाचं गाणं लागलं, तर भिमाबाई कमरेवर हात ठेवून रडायलाच लागली (तिचा नवरा समोरच्या बांधावर बसून तंबाखू मळत होता). शेवटी म्हटलं कीर्तन लावावं. बुवांनी गोष्ट सुरू केली आणि पुढं काय झालं ते ऐकायला सगळ्या हातात रोप धरून उभ्या राहिल्या.

एकट्या पारूबाई खाली वाकून लावत होत्या. पारूबाई आमच्या शेजारच्या, सत्तरी कधीच ओलांडली. दर वर्षी लावणीला ओव्या त्याच सांगतात आणि मागून आम्ही झेलतो. त्या सावकाश सरळ झाल्या.

"रत्ने, ह्येला गप करता येतं का?"

"येतं की. बटन हाय."

"मग गप कर. न्हाईतर माझ्या वव्या म्हणाया सांग त्याला."

मी खरोखर शोधल्या, दादा. पाच हजारांत नव्हत्या. तोवर पारूबाईंनी पाटात हात धुतले आणि घराकडं चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी लावणीला त्या आल्याच नाहीत. सावडीत बाई न येणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी डबा घरी ठेवला होता, तरी खाचरात कुणी तोंड उघडलं नाही. सुरुवात कुणालाच करता येईना.

तिसऱ्या प्रहरी मी त्यांच्या घरी गेले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "त्या डब्याला दम लागत न्हाई बाई. मला लागतो. आता त्येलाच न्या." चाळीस वर्षं त्यांच्या मागून म्हटलेल्या ओव्या मला एकटीला धड चारसुद्धा पुऱ्या येत नाहीत, हे तिथं चुलीपुढं बसल्यावर ध्यानात आलं. उद्या ह्या गेल्या तर ओव्याही गेल्या. कमरेला खोचलेला मोबाईल तेव्हा आठवला. वैष्णवीनं आवाज धरून ठेवायचं बटन दाखवलं होतं. म्हटलं, पारूबाई, एकच म्हणा. त्या नाही नाही करत जात्याकडं तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या. मग मी तो आवाज लावला. त्यांनी मान तिरकी करून सगळं ऐकून घेतलं.

"कोण गं ही म्हातारी? बरी म्हणती."

तुम्हीच, म्हणून सांगितलं तर पटेना. पटल्यावर म्हणाल्या की तिसऱ्या कडव्याला श्वास घसरलाय, पुन्हा घे. दादा, अकरा वेळा घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी खाचरात हजर होत्या. मोबाईल ह्यांच्या छातीच्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि हे दुपारपर्यंत पारूबाईंच्या मागं मागं मुठी घेऊन फिरले. एकतीस ओव्या मिळाल्या. मधेमधे ह्यांचं खाकरणं आहे, आणि एके ठिकाणी बगळ्याला दिलेली शिवी आहे. पारूबाई म्हणतात ती राहू दे, तालात बसली आहे.

तर निवड अशी झाली. डबा गोड आहे, पण तो आपलंच सांगतो, दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. म्हणून नसरापूरला एसटी बदलून भोरला गेले. दुकानात शेफाली म्हणून एक गोड मुलगी आहे. तिनं कराराची सगळी कलमं वाचून दाखवली आणि काळजीनं म्हणाली, "मावशी, दोन वर्षं दुसरीकडं जाता येणार नाही बरं का." मी म्हटलं, "पोरी, चाळीस वर्षं कागद नसताना बी कुठं गेले न्हाई." तिनं हसत हसत सही कुठं करायची ते दाखवलं. शेवटची गाडी चुकेल म्हणून तशीच परत फिरले. आता तरी राग सोडा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावून घ्या, नुसती बाटली उशाशी ठेवू नका.

आपली धाकटी,
रत्ना

ता. क. डबाही घरीच आहे. वैष्णवीच्या सासूबाईंनी आपणहून ठेवून घ्यायला सांगितला. त्यामुळे निवडीचा एवढा खटाटोप केला नसता तरी चाललं असतं, पण हे कुणाला सांगू नका.

ता. क. दुसरा. खरं काम आता लिहिते. पारूबाईंना तुमच्या-माझ्या आईची एक ओवी अर्धीच येते. आई इथं माझ्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा त्यांनी ती ऐकली होती. 'भोराच्या बाजारात भाऊ चोळी पारखितो' इथवर येतात आणि पुढं नुसतं हुं हुं करतात. भाऊ पुढं काय करतो, ते मलाही आठवत नाही. वहिनी म्हणत होत्या की गोठ्यात कुणी नसलं की तुम्ही ती पुरी म्हणता. बायकांचं गाणं म्हणून लाजू नका, आई तुमचीही होती.

ता. क. तिसरा. हे पत्र घेऊन आलेली वैष्णवी समोर बसली असेल. तिच्या पर्समध्ये मोबाईल आहे आणि तो चालू आहे. मामाला बोलतं करून ओवी काढून घ्यायची, असं आमचं ठरलं होतं, पण सख्ख्या भावाला फसवायला माझं मन घेईना. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नका. आणि ओवी झाल्यावरच चहा घ्या, तुमच्या भुरक्याखाली शब्द ऐकू येत नाहीत.