आज्ञार्थापुरतं इटालियन

६ ऑक्टोबर, सोमवार
इटालियन शिकायचा निर्णय पक्का. कारण: स्मरणशक्ती. साठीनंतर नवी भाषा शिकली की मेंदू गंजत नाही, असं पेपरात आलं होतं. जर्मन, फ्रेंच सगळेच शिकतात. म्हणून इटालियन.

डिसेंबरात हर्षाली येणार आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. तसं सौ.ला स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, मी कुठे काय बोलले? बोलली नाही, पण बघितलं.

नोंद असावी म्हणून लिहितो. हर्षाली माझी एकुलती एक मुलगी. इटलीत बोलोन्या नावाच्या शहरात संशोधन करते. सहा वर्षांपूर्वी तिथेच दाविदे नावाच्या माणसाशी लग्न करून मोकळी झाली. तेव्हापासून मी तिच्याशी बोललेलो नाही. तिने एकदा मला फोन करून 'बाबा, चुकलं' म्हणायचं, विषय संपला. आईला रोज फोन करते. माझ्या खुर्चीपर्यंत रेंज येत नसावी.

९ ऑक्टोबर, गुरुवार
ट्यूटर आली. तेजस्विनी. देवळाली कॅम्पहून स्कूटीवर येते. वडील तोफखान्यातून रिटायर. इटलीत शिकून आली आहे आणि बाहेर जाणाऱ्या मुलांना शिकवते. मुलांच्या घोळक्यात मी बसणार नाही, म्हणून घरी बोलावलं.

तिने विचारलं, काका, इटालियन कशासाठी? म्हटलं, स्मरणशक्ती. तेवढ्यात सौ. चहा घेऊन आली आणि म्हणाली, जावई येणारेत ना आमचे! मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. आमच्या दारात मांडव पडलेला नाही, त्यामुळे जावई या पदावर कोणाचीही नेमणूक झालेली नाही.

तेजस्विनी 'माझं नाव, माझं गाव' पासून सुरुवात करत होती. थांबवलं. म्हटलं, आधी आज्ञार्थ शिकव. एकलहऱ्याला पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं मी आज्ञार्थातच बोललो. प्लँट चालला. घरही चाललं.

आजचे शब्द: आस्कोल्ती, म्हणजे ऐका. बास्ता, म्हणजे पुरे. दोन्ही लगेच पाठ. गती आहे मला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
होमवर्क झालं नाही. दिवाळीची साफसफाई चालू आहे. (साफसफाई सौ. करते, पण धुळीने लक्ष लागत नाही.)

इटालियनमध्ये 'तू'ला तूच म्हणतात. आणि आदरार्थी 'आपण'ला जो शब्द आहे, त्याचा दुसरा अर्थ 'ती बाई'. मोठ्या माणसाला बाई म्हणणारे हे लोक! यांच्याकडून काय अपेक्षा करायची. मी सांगितलं, दाविदेला मी तूच म्हणणार. तेजस्विनी म्हणाली, काका, पहिल्या भेटीत तू म्हटलं की तिकडे आपलेपणा वाटतो. मग 'आपण'च ठरवलं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
सौ.चा व्हिडिओ कॉल. पलीकडे हर्षालीची मुलगी, दिशा. चार वर्षांची. सौ. तिला पणती दाखवत होती. मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. दार उघडं होतं ते हवेसाठी.

मुलगी भराभर काहीतरी बोलली. एक शब्द कळला नाही. नेटवर्क फार खराब आहे.

तिचे फोटो मी मुद्दाम बघत नाही. लाइट बिल शोधताना सौ.च्या फोनमध्ये दिसतात, तेवढेच. कपाळ आमच्याकडचं आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी ट्रॅकवर लहानू धात्रक भेटला. आम्ही एकाच शिफ्टला होतो. त्याला इटालियनचं सांगितलं. वाटलं, कौतुक करेल. म्हणाला, "धनराज, लेका, तुझ्या पोरीला मराठी येतं की. तिच्याशी मराठीत बोल ना."

या माणसाला आयुष्यात कधी प्रमोशन मिळालं नाही, त्याचं कारण आज कळलं. उद्यापासून फिरायला दुसऱ्या बाजूने जाणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
खरं काम आता सुरू. दाविदेला ऐकवायचं निवेदन मी मराठीत तयार केलं आहे. फुलस्केप, पाठपोट. भाषा संयमित. सुरुवात: 'ऐका! आपण आमची मुलगी आम्हाला न विचारता चोरून नेलीत.'

तेजस्विनीला भाषांतर करायला दिलं. ती बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, काका, हे चोरण्याचं क्रियापद वस्तूंसाठी असतं. माणसांसाठी वेगळं आहे, पण ते पोलीस केसमध्ये वापरतात. शेवटी 'घेऊन गेलात' ठेवलं. मिळमिळीत झालं.

मग तिने विचारलं, हर्षालीताईंनी लग्नाला बोलावलं नव्हतं का? मी म्हटलं, हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे. पण सौ.ला तेवढ्यात कपबश्या उचलायला यायचं होतं. म्हणाली, बोलावलं होतं, विमानाची तिकिटंही पाठवली होती.

पाठवली होती. पण त्या वेळी बॉयलरचं ओव्हरहॉल चालू होतं. मला रजा मिळणं शक्य नव्हतं.

सौ. म्हणाली, तुम्ही तेव्हा रिटायर झाला होतात.

रिटायर झालो तरी जबाबदारी संपत नाही. प्लँटमधून कधीही फोन आला असता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
रंगीत तालीम. तेजस्विनीला दाविदे म्हणून सोफ्यावर बसवलं आणि उभं राहून निवेदन केलं. अडखळलो, पण आवाज जोरदार लागला. शेजारचे गॅलरीत आले.

संपल्यावर तिने डोळे पुसल्यासारखं केलं. म्हटलं, परिणाम झाला! तर म्हणाली, "काका, मला हे शिकवावंसं वाटत नाही. त्यापेक्षा नातीशी बोलायला शिका ना. तुला काय आवडतं, खेळायचं का, माझ्या मांडीवर बस. दोन तासांत शिकवते, खरंच."

मी सांगितलं, बालवर्गाचा अभ्यासक्रम मला नको. ती म्हणाली, मग मी पुढच्या आठवड्यापासून येत नाही. निघताना सौ.ला नमस्कार करून गेली. मला नुसतं 'येते'.

तिला मीच कमी केलं, असं धरायला हरकत नाही. उच्चारही फार काही नव्हते तिचे.

८ डिसेंबर, सोमवार
स्वाध्याय सुरू. मोबाइलवर ॲप घेतलं. आजचं वाक्य: कासव दूध पितं. निवेदनात कुठे बसेल असं वाटत नाही.

बाकी, निवेदनाची पहिली बाजू तोंडपाठ. दुसरी आपोआप होईल.

२१ डिसेंबर, रविवार
आले. त्र्यंबक रोडला हॉटेलात उतरलेत. स्वतःचं घर असताना! हर्षालीने आईला सांगितलं म्हणे, बाबांना त्रास नको. सौ. दिवसभर तिकडेच होती. पोरीला द्राक्षं फार आवडली, असं आल्यावर सांगत होती. मी विचारलं नव्हतं.

सौ. म्हणाली, तुम्ही एकदा नुसतं 'घरी या' म्हणा. फोन लावून देते. मी म्हटलं, घराला कुलूप आहे का? यायचं त्याने यावं. यावर ती जेवली नाही. थंडीने भूक मरते.

२४ डिसेंबर, बुधवार
उद्या दुपारी जेवायला येणार. सौ.नेच बोलावलं. पुरण घातलंय. मी निरोप समारंभाचा सफारी बाहेर काढला. पोटाकडे जरा आवळतो, म्हणजे धुतल्यावर आटला असणार.

उद्या सोक्षमोक्ष. बोलण्याआधी त्यांनी काही म्हटलं, तर ऐकून घ्यायची माझी तयारी आहे. हर्षाली रडलीच, तर काय करायचं हे ठरवलेलं नाही. डोक्यावर हात ठेवावा लागेल बहुतेक.

२५ डिसेंबर, गुरुवार, संध्याकाळी पाच
गेले.

दाविदे उंच आहे. दारातच वाकून पाया पडला. शिकवून आणलेलं दिसत होतं. मग हसत हसत काहीतरी लांबलचक बोलला. मला कळलं नाही. त्यांच्याकडची खेडवळ बोली असणार.

हर्षालीचे केस पांढरे झालेत. कानाजवळ. कुणी सांगितलं नव्हतं.

ताटं मांडल्यावर मी उभा राहिलो. 'आस्कोल्ती!' म्हटलं. पहिली दोन वाक्यं खणखणीत गेली. तिसऱ्याला क्रियापद आठवेना. मी हात वर करून तसाच उभा. तेव्हा दाविदेने ते हळूच सांगितलं. खालच्या आवाजात, शाळेतल्या गॅदरिंगला मागून सांगतात तसं. मी ते घेतलं आणि पुढे गेलो. पुढच्या वाक्यालाही त्यानेच सांगितलं. त्याच्यावरचे आरोप त्याच्याच मदतीने वाचून दाखवायचे, याची तालीम झालेली नव्हती. तिथे थांबलो.

हर्षाली रडली नाही. पोळीवर तूप घेत होती. तिने वाटी खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, सहा वर्षांनी तुम्ही तोंड उघडलंत. तेही माझ्याशी नाही."

मी उत्तर देणार होतो. तयार होतं. पण ते इटालियनमध्ये होतं आणि हिला मराठीत हवं होतं. मराठीतलं मी काही तयार केलं नव्हतं.

जेवणं झाली. सौ. वाढत राहिली. मी पाटावरून उठून खुर्चीत बसलो, तेव्हा ती मुलगी समोर येऊन उभी राहिली. दिशा. खूप वेळ बघत होती. मी हसलो असेन. हात पुढे केला होता की नाही, आठवत नाही. 'मांडीवर बस'ला काय म्हणतात, ते मला येत नव्हतं.

ती वळली आणि आईला विचारलं, 'मामा, की ए क्वेस्तो सिन्योरे? क्वांदो आंदियामो व्हिया?'

आई, हे गृहस्थ कोण आहेत? आपण कधी निघायचं?

शब्द न् शब्द कळला. नेटवर्कचा प्रश्न नाही, बोलीचा नाही. कोणाला विचारावं लागलं नाही. अडीच महिन्यांत इतकी प्रगती म्हणजे कमी नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हर्षालीने दिलं नाही. दुसऱ्याचं दिलं. म्हणाली, 'सुबितो.'

हाही शब्द येतो मला. सुबितो, म्हणजे ताबडतोब.